कुंपणाची राखण कोणी करावी?

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरास मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या रयतेला अपिलासाठी मुंबईची वाट धरावी लागत होती, ती आता पुष्कळ आखूड झाली. जतच्या किंवा माणच्या शेतकऱ्याने बांधाच्या कज्ज्यासाठी गाडीभाडे, मुंबईतला मुक्काम आणि वर वकिलाची फी असा तिहेरी भुर्दंड सोसावा, आणि इतके करून पुढची तारीख घेऊन परत यावे, हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. वकील मंडळींनी व पक्षकारांनी कित्येक दशके या मागणीसाठी चळवळ केली, तिला फळ आले, ही आनंदाची गोष्ट होय.

परंतु दार जवळ आले म्हणजे सारे झाले असे नव्हे. चावडीवर बसलेला एखादा म्हातारा विचारील, ‘बाबा, न्यायाधीश जवळ आला हे ठीक, पण तोच चुकला, किंवा चुकला नाही पण वाकला, तर आम्ही कोणाकडे जावे?’ हा प्रश्न अडाण्याचा नव्हे. मोठमोठ्या घटनापंडितांना याने घाम फोडला आहे. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय, ही म्हण आपल्या बायाबापड्यांच्याही तोंडी आहे. परंतु कुंपणावर राखणदार नेमला तर त्या राखणदाराकडे कोणी पाहावे, हे म्हणीत सांगितलेले नाही. त्याचाच आज विचार करू.

प्रथम दुखणी वेगळी करून पाहिली पाहिजेत. कारण सगळ्या दुखण्यांवर एकच मुळी उगाळणारा वैदू रोग्याला मारतो. न्यायाच्या घरात तीन प्रकारचे बिघाड होतात. एक, न्यायाधीश प्रामाणिक आहे पण निकाल चुकला. दुसरा, निकाल कायद्याप्रमाणे बरोबर आहे, पण कायदाच गरिबाच्या मुळावर उठलेला आहे. तिसरा, न्यायाधीशाची चालचलणूकच वाईट आहे. पहिल्याला औषध अपील. दुसऱ्याला औषध कायदेमंडळ. तिसऱ्याचे औषध काय, हाच वादाचा विषय आहे; आणि ते सापडावयाचे तर आधी पहिली दोन औषधे का लागू पडतात हे समजून घेतले पाहिजे.

फिर्याद करणारा, चौकशी करणारा, शिक्षा ठोठावणारा आणि ती अमलात आणणारा हे सारे एकच असले म्हणजे काय होते, हे साताऱ्याच्या मातीला कोणी शिकवावयास नको. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कंपनी सरकारने इंग्रजांविरुद्ध कारस्थान केल्याचा आळ घेतला. १८३६ साली गुप्त चौकशी झाली. चौकशीला बसलेले तिघे कंपनीचेच नोकर, फिर्यादी कंपनी, आणि निकाल देणारीही कंपनीच. गव्हर्नर कारनॅक साताऱ्यास येऊन म्हणाले की, दोष कबूल करून सही द्या म्हणजे गादी राहील. महाराजांनी सही नाकारली. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीस पाठविले, आणि १८४७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. आमची उघड चौकशी करा, एवढीच महाराजांची मागणी होती. तीही कोणी पुरी केली नाही. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे सुमारे चौदा वर्षे विलायतेत बसून कंपनीच्या डायरेक्टरांपुढे आणि भागीदारांपुढे गाऱ्हाणे गात राहिले. पार्लमेंटातही प्रश्न निघाला. पण निकाल काही फिरला नाही. पार्लमेंटाला कंपनीवर देखरेखीचा अधिकार नव्हता काय? होता. पण ज्याच्यावर देखरेख करावयाची त्याच्याच हातचे कागद आणि त्याच्याच तोंडची हकीकत मान्य करून जी देखरेख चालते, ती नावाची देखरेख होय. हा धडा पुढे उपयोगी पडणार आहे. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

महाराजांची ही गत, मग कुणब्याची काय कथा? ज्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कचेरीत आणि कोर्टात शेतकरी कसा नागवला जातो हे मांडले. त्या काळी मामलेदारच शेतसारा वसूल करी आणि मामलेदारच मॅजिस्ट्रेट म्हणून खुर्चीवर बसे. ज्याच्या जुलमाविरुद्ध ओरडावयाचे त्याच्याच पुढे आरोपी म्हणून उभे राहण्याची पाळी येई. म्हणूनच स्वराज्याच्या घटनेत ५० वे कलम घातले गेले की, सरकारने न्यायखाते आणि अंमलबजावणीचे खाते ही वेगवेगळी करण्यासाठी पावले उचलावीत. मुंबई राज्याने १९५१ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेने ती फारकत देशभर केली. आज फौजदारी खटला चालविणारा मॅजिस्ट्रेट कलेक्टराच्या हुकुमाखाली नाही. ही सोय आपल्याला आपोआप मिळालेली नाही.

आता दुसरे दुखणे पाहा. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले. कोर्टे काय करीत होती? सावकाराने खत पुढे केले, खाली अंगठा आहे, एवढे पाहून हुकूमनामा देत होती. मुनसफ लबाड होता असे नव्हे. कायदाच त्याला खताच्या पलीकडे पाहू देत नव्हता. तेव्हा १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. खताच्या मागे जाऊन मुद्दल किती, व्याज किती, हे न्यायाधीशाने खणून काढावे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, असे त्या कायद्याने ठरविले. तसेच गावजोशाच्या वतनाचे. एखाद्या कुटुंबाने जोशाला न बोलावता लग्न लावले तरी जोशी दक्षिणेचा दावा लावी, आणि वहिवाट म्हणून कोर्टात असले हक्क चालत. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी हे सोसले. शेवटी १९२६ साली मुंबई कायदेमंडळाने कायदा करून, न बोलावलेल्या उपाध्यायाचा असा हक्क रद्द ठरविला.

या दोन्ही वेळी कायदेमंडळाने काय केले, आणि काय केले नाही, हे बारकाईने पाहा. अमक्या मुनसफाला समोर बोलावून ‘तू हा निकाल का दिलास?’ असे त्याने विचारले नाही. त्याने नियम बदलला, आणि पुढच्या साऱ्या न्यायाधीशांना तो नियम पाळावा लागला. कायदेमंडळाची खरी ताकद हीच होय. नियम सर्वांसाठी करावा. निकाल एकट्यासाठी असतो, त्याला हात लावू नये.

निकालाला हात का लावू नये? साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांची गोष्ट शाळेतली पोरेही सांगतात. १७७३ साली नारायणराव पेशव्याचा खून झाला, तेव्हा शास्त्रीबोवांनी खुद्द राघोबादादाला दोषी ठरविले आणि न्यायाधीशाचे पद सोडून ते निघून गेले. आमचे भांडण कोणा जातीशी नाही, मक्तेदारीशी आहे. म्हणून रामशास्त्र्यांना मुजरा करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी सांगत नाही. त्या राज्यात सत्यवादी न्यायाधीशाच्या हाती दोनच गोष्टी होत्या: बोलणे आणि निघून जाणे. त्याचे पद राखणारा कायदा नव्हता, आणि राज्यकर्त्याला जाब विचारणारी सभाही नव्हती. रामशास्त्री एकटे मोठे होते; संस्था नव्हती. ज्या न्यायाला दर पिढीत एक रामशास्त्री जन्माला यावा लागतो, त्या न्यायावर गरिबाने भरवसा कसा ठेवावा?

हाच विचार मनात ठेवून आपल्या अगदी जवळच्या काळाकडे पाहू. १९३९ साली औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि गावपंचायतींच्या हाती कारभाराबरोबर न्यायदानही सोपविले. औंध आज साताऱ्यात आहे. आटपाडी, कुंडल ही त्याच संस्थानची गावे आज सांगलीत आहेत. पुढे चलेजाव चळवळीच्या वणव्यातून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, आणि १९४३ ते १९४६ या काळात त्याची न्यायदान मंडळे गावोगाव बसली. न्याय दारात आला, आपल्या भाषेत आला, स्टॅम्पावाचून आला. सावकाराच्या घशातल्या जमिनी सुटल्या, टाकून दिलेल्या बायकांना आधार मिळाला. आमच्या आजोबा-पणजोबांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचा अभिमान आम्हांस का नसावा? परंतु अभिमान असला म्हणजे डोळे मिटावे असे नव्हे. निवाडा देणारे मंडळ आणि तो अमलात आणणारी तुफान सेना ही एकाच चळवळीची दोन अंगे होती. वर दाद मागावयास तटस्थ जागा नव्हती. परक्या सरकारशी झुंज चालू असता दुसरे काही शक्यही नव्हते. त्या माणसांची नीती हीच त्या न्यायाची हमी होती. पण नीतिमान माणसे गेली म्हणजे हमीही गेली. नित्याच्या राज्यकारभाराला माणसांची हमी पुरत नाही, व्यवस्थेची लागते.

ती व्यवस्था आपल्या घटनेत कशी केली आहे? हायकोर्टाच्या आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाने आपले काम करताना जे वर्तन केले, त्याची चर्चा पार्लमेंटाने अगर विधानसभेने करू नये, असे कलम १२१ व २११ सांगतात. अपवाद एकच: न्यायाधीशाला दूर करण्याचा ठराव पार्लमेंटापुढे असेल तेव्हा. हा बांध फोडावयास गेले म्हणजे काय होते, याचा दाखला १९६४ साली उत्तर प्रदेशात मिळाला. केशवसिंह नावाच्या गोरखपूरच्या माणसाला एका आमदाराविरुद्ध पत्रक काढल्याबद्दल विधानसभेने सात दिवसांची कैद दिली. त्याच्या वकिलाने अर्ज करताच अलाहाबाद हायकोर्टाच्या दोघा न्यायाधीशांनी जामीन दिला. विधानसभा इतकी खवळली की, त्या दोघा न्यायाधीशांना पकडून सभागृहापुढे आणा, असा ठराव तिने केला! तेव्हा हायकोर्टाचे अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाची अंमलबजावणी थांबविली. राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचा सल्ला मागितला. तेव्हा सरन्यायाधीश होते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, १९०१ साली साताऱ्यास जन्मलेले. बहुमताचा अभिप्राय त्यांनी लिहिला: जामीन देण्यात न्यायाधीशांनी सभागृहाचा अपमान केलेला नाही. आणि गंमत अशी की, पुढे १९६५ साली अलाहाबाद हायकोर्टाने केशवसिंहाचा अर्ज तपासून फेटाळला आणि त्याला उरलेली कैद भोगावी लागली. म्हणजे कोर्टाने सभागृहाचा अधिकार हिरावला नाही. तो अधिकार कायद्यात बसतो की नाही हे पाहण्याचा आपला हक्क मात्र सोडला नाही.

कायदेमंडळ जसे चढून जाते तसे मंत्रिमंडळही चढते. १९७३ साली ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला, आणि आणीबाणीत १९७६ साली हायकोर्टांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. ज्या न्यायाधीशाच्या डोक्यावर बदलीची टांगती तलवार आहे, तो सरकारविरुद्ध गेलेल्या तुमच्या अर्जावर निर्भयपणे काय लिहिणार?

पण आता नाण्याची दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे. न्यायाधीशाला कोणी हात लावू नये म्हणावे, तर तो निरंकुश होतो. घटनेने त्याला दूर करण्याची वाट ठेवली आहे. १९६८ च्या कायद्याप्रमाणे लोकसभेच्या शंभर किंवा राज्यसभेच्या पन्नास सभासदांनी सही करावी. अध्यक्षांनी तो प्रस्ताव दाखल करून घेतला तर सुप्रीम कोर्टाचा एक न्यायाधीश, एका हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश आणि एक कायदेपंडित अशी तिघांची समिती चौकशी करते. आणि दोष सिद्ध झाला तर दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने ठराव करावा. वाट चांगली आखली आहे. पण तिच्यावरून चालत कोण गेले? न्यायमूर्ती रामस्वामींच्या प्रकरणी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या समितीने आरोप सिद्ध झाल्याचे सांगितले. मे १९९३ मध्ये लोकसभेत मते पडली. ठरावाच्या बाजूने १९६, विरुद्ध एकही नाही, आणि २०५ सभासद तटस्थ! त्यात सत्ताधारी काँग्रेस पक्ष होता. ठराव पडला. २०११ साली न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने ठराव केला, पण लोकसभेत मते पडण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. १९५० ते २०२५ या पंचाहत्तर वर्षांत दोन्ही सभागृहांच्या ठरावाने एकही न्यायाधीश दूर झालेला नाही. सारेच न्यायाधीश धुतल्या तांदळासारखे होते असा याचा अर्थ घ्यावयाचा काय?

मोठा गुन्हा नाही पण वर्तन शोभत नाही, अशा वेळी काय करावे? १९९५ साली मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांविरुद्ध वकील संघांनी ठराव केले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की, अशी तक्रार सरन्यायाधीशांकडे न्यावी आणि न्यायखात्याने आपल्या घरातच चौकशी करावी. त्यातूनच १९९९ साली ‘इन-हाऊस’ चौकशीची पद्धत आली. न्यायाधीशांची चौकशी न्यायाधीशच करतात. तिचा अहवाल मागण्याचा लोकांना हक्क नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००३ साली ठरविले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायाधीशाच्या बंगल्यावर आग लागली असता नोटा सापडल्याचा गवगवा झाला, तेव्हा हीच घरची चौकशी झाली आणि मागाहून ऑगस्टमध्ये लोकसभेच्या अध्यक्षांनी १९६८ च्या कायद्याखाली समिती नेमली. त्या प्रकरणी दोषी कोण हे ठरविणे आमचे काम नाही. पण एवढे खरे की, ती बातमी बाहेर फुटून देशभर ओरड झाली म्हणून लोकांना कळले. जे प्रकरण फुटत नाही त्याचे काय?

मग राखणदार नेमा, असे पार्लमेंटाला सुचले नाही काय? सुचले. न्यायाधीशांच्या जबाबदारीचे एक विधेयक २०१० साली मांडले गेले. तक्रारी तपासण्यासाठी राष्ट्रीय देखरेख समिती त्यात होती. पण मूळ मसुद्यात असेही होते की, तक्रार खोडसाळ ठरली तर तक्रार करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड! वाचकहो, विचार करा: तासगावची एखादी विधवा किंवा कराडचा एखादा सुतार न्यायाधीशाविरुद्ध कागद लिहावयास बसला आणि त्याच्यापुढे ही कलमे ठेवली, तर त्याची लेखणी पुढे सरकेल काय? हे विधेयक लोकसभेत २०१२ साली मंजूर झाले आणि २०१४ साली लोकसभेची मुदत संपताच निकालात निघाले. त्यानंतर नेमणुकांसाठी न्यायिक नियुक्ती आयोग आला. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदेमंत्री आणि दोन प्रतिष्ठित व्यक्ती असे त्याचे सहा सभासद. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला. कारण, सरकारचा हात आत शिरला म्हणजे न्याय मोकळा राहत नाही. कारण खोटे नाही. पण मग बाहेरचा कोणताच डोळा नको, असे त्यातून निघते काय? येथे आम्हांस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होते. १९०० सालच्या नोव्हेंबरात साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेला हा मुलगा पुढे घटना समितीत उभा राहिला, आणि २४ मे १९४९ रोजी त्याने बजावले की, सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तोही माणूसच, माणसाचे दोष आणि पूर्वग्रह त्यालाही असतात. सर्व कुलपांची किल्ली त्या एकट्याच्या हाती देणे धोक्याचे.

तेव्हा तोड कोणती? पाण्याच्या पाळीचा दाखला घ्या. कॅनॉलवर पाटकरी असतो. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी, हे तो पाहतो. त्याच्या पाठीमागे लागून ‘आज माझ्याच वावरात सोड’ असे पाणी संस्थेच्या चेअरमनने म्हटले, तर पाळी मोडली आणि शेवटच्या टोकाचा गरीब शेतकरी मेला. पण वर्षाच्या सभेत पाटकऱ्याची वही उघडावयाचीच नाही, असे पाटकरी म्हणू लागला, तरीही शेवटच्या टोकाचाच गरीब मरणार. म्हणून शहाणी सभा काय करते? वही पाहते, पाळी हातात घेत नाही. न्यायाधीशांवर देखरेख करणारे मंडळ आणि लोकांनी निवडलेले कायदेमंडळ यांचे नाते असेच असले पाहिजे. वही पाहावी; खटला पाहू नये.

हे काही हवेतले बोलणे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणारा आयोग १९६० सालीच नेमला, आणि आता त्याच्या अकरा सभासदांपैकी सहा जण सामान्य नागरिक असतात, न्यायाधीश तिघेच. २०१६ साली तिकडच्या कायदेमंडळाच्या समितीने त्या आयोगाचे काम तपासण्याचा हुकूम राज्याच्या हिशेबतपासनिसाला दिला. आयोगाने हरकत घेतली की, आमचे कागद गुप्त आहेत, आणि कोर्टात धाव घेतली. भांडण चालले, तडजोड झाली, आणि २०१९ साली अहवाल बाहेर आला. आयोगाच्या तपासाच्या पद्धतीतील उणिवा त्यात दाखविल्या होत्या. कोणा न्यायाधीशाचा निकाल कोणी फिरविला नाही. फक्त वही उघडली. राखणदाराला कळले की आपल्यावरही नजर आहे.

उलट बाजूने कोणी म्हणेल की, आमच्या आमदार-खासदारांच्या हाती ही वही देणे म्हणजे मांजराच्या पुढ्यात दूध ठेवणे. त्यांच्यावरच खटले, त्यांचेच कारखाने, त्यांच्याच बँका आणि संस्था. ते न्यायाधीशांवर नजर ठेवणार की सूड उगवणार? ही शंका रास्त आहे, आणि ती नाकारणारा भाबडा तरी असेल नाही तर लबाड. म्हणूनच आम्ही म्हणतो की कायदेमंडळाला नावे देऊ नयेत, आकडे द्यावेत. चालू खटले देऊ नयेत, संपलेल्या चौकश्यांचा गोषवारा द्यावा. नावावाचून दिलेल्या वहीने सूड उगवता येत नाही, पण आळस आणि पांघरूण घालणे ही दोन्ही उघडी पडतात.

आमचे मागणे थोडक्यात असे. एक: उच्च न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारी घेणारे कायम मंडळ पार्लमेंटाने कायद्याने उभारावे, त्यात न्यायाधीश असावेत, पण न्यायखात्याबाहेरचे लोकही असावेत, आणि ते कायम एकाच थरातून, एकाच गोतावळ्यातून येऊ नयेत. दोन: मंत्र्यांचा त्यात वरचष्मा नसावा. तीन: वर्षातून एकदा किती तक्रारी आल्या, किती पहिल्याच पायरीवर फेकल्या, किती तपासल्या, किती दिवस लागले, याचा हिशेब पार्लमेंटापुढे यावा आणि छापला जावा. जिल्हा व तालुका कोर्टांवर कलम २३५ प्रमाणे हायकोर्टाचा ताबा आहे; हायकोर्टानेही असाच हिशेब आपण होऊन मराठीत प्रसिद्ध करावा. चार: तक्रार करणाऱ्याला त्याच्या तक्रारीचे काय झाले हे लेखी कळावे, आणि प्रामाणिक तक्रारीबद्दल कोणालाही तुरुंगाची भीती नसावी. पाच: कायदेमंडळाने आपलेही कर्तव्य करावे. देशात पाच कोटींच्या वर खटले तुंबले आहेत. कोर्टांना खोल्या, कारकून आणि न्यायाधीशांच्या जागा यांसाठी पैसा मंजूर करणे हे त्याचेच काम आहे. उपाशी बैलाला चाबूक मारून नांगर चालत नाही.

शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, भगिनींनो, एक भीती मनातून काढून टाका. कोर्टाविषयी तोंड उघडले की ‘कंटेंप्ट’ होतो, असे तुम्हांस कज्जेदलाल सांगत असतात. १९७१ चा कायदा उघडून पाहा. निकाल लागून गेलेल्या खटल्याच्या गुणदोषांवर रास्त टीका करणे हा अपमान नव्हे. खालच्या कोर्टातील न्यायाधीशाविरुद्ध प्रामाणिकपणे हायकोर्टाकडे तक्रार करणे हाही अपमान नव्हे. आणि २००६ पासून, लोकहितासाठी सांगितलेले सत्य हा बचाव म्हणून कोर्ट मान्य करू शकते. मात्र हरलो म्हणून न्यायाधीश विकला गेला, असे पारावर बसून बरळणे हा गुन्हाही आहे आणि पापही. अपील करावयाचे तेथे अपील करा, कायदा बदलावयाचा तेथे आमदाराला घेरा, आणि वर्तनाची तक्रार असेल तर तारीख-वार, साक्षीपुराव्यासह कागदावर लिहा.

पुढच्या वेळी मते मागावयास कोणी तुमच्या दारात आला, तर रस्ता आणि पाणी यांबरोबर आणखी एक गोष्ट त्याला विचारा: ‘न्यायाधीशांच्या राखणदाराची वही तुम्ही कधी उघडून पाहिली काय? आणि पाहताना खटल्यात बोट घालणार नाही, असे वचन देता काय?’ दोन्ही प्रश्न एकदमच विचारा. पहिल्यालाच हो म्हणणारा उद्या न्यायाधीशाला वाकवील. दुसऱ्यालाच हो म्हणणारा उद्या तुमच्या गाऱ्हाण्याकडे पाठ फिरवील. दोन्हींना हो म्हणणारा सापडला, तर त्याचे नाव टिपून ठेवा, आणि पाच वर्षांनी त्याचीही वही उघडा.